उभारी एकट्याची नसते

मंडळी, सुगी उरकून थकल्या अंगानं आलात, म्हणून थेट मुद्द्यावर येते. एखादीवर संकट कोसळलं की आपण म्हणतो, "बाई खंबीर हाय, डोळ्यातनं टिपूस काढला नाही तिनं." हे कौतुक मला एक डॉक्टर म्हणून घातक वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा चिकोडी-निपाणीकडच्या गावांत शिरल्या, इकडं मार्कंडेय फुगली. पडक्या भिंतींचे, कुजल्या उसाचे पंचनामे होतात. उडालेल्या झोपेचा होत नाही. संकटात शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात सोडतं, छाती धडधडते, रक्तातली साखर वाढते, पळायला बळ मिळतं. ते हवंच. पण पाणी ओसरलं तरी काळजी ओसरली नाही, तर बीपी चढाच राहतो, शुगर आटोक्यात येत नाही, झोप तुटक होते. तेव्हा 'टेन्शनच आहे' म्हणून झटकू नका.

१९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. माणूस कशानं मोडतो एवढंच न पाहता तो कशानं फुलतो हेही अभ्यासायला हवं, असा त्यांनी आग्रह धरला. सकारात्मक मानसशास्त्र पुढं आलं ते तिथून. पण मला त्याहून मोलाचं वाटतं मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांचं काम, आणि ते बरंच आधी सुरू झालेलं. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती चाळिशीला पोचेपर्यंत लक्ष ठेवलं. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार असं बरंच काही एकदम आलं होतं. तरी त्यांतलंही जवळजवळ दर तिसरं मूल धड, मायाळू, कामसू माणूस झालं. त्यांच्या स्वभावाचा वाटा होताच. पण अशा मुलांना जीव लावणारं निदान एक मोठं माणूस लाभलं होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारीण, कुणीही.

आपल्याकडं रोपलावणीला पैरा करतात. आज तुमच्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तुम्ही. मनाचं बळही असंच फिरत्या हातांनी येतं. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. खानापूरकडच्या कितीतरी घरांत पोरं गोव्याला, पुण्याला कामाला आणि मागं म्हातारा-म्हातारी दोघंच, असं चित्र आहे. त्यांच्या ओसरीवर घटकाभर बसणं हेही आरोग्याचंच काम आहे, असं मी मानते.

मात्र उसाचं बिल थकलेल्या माणसाला 'पॉझिटिव्ह राहा' असं सांगू नका. त्याचं ऐकून घ्या, अर्ज लिहायला मदत करा, सोबत चार ठिकाणी जा. आणि मन प्रसन्न आहे म्हणून बीपीची गोळी कुणी बंद करायची नाही.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच जीव रमत नाही, असं घरात कुणाचं दिसलं तर डॉक्टरांकडं न्या. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं तर तेवढेही दिवस थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, कन्नडप्रमाणं मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा, मी थांबते तेवढं.