वाटीतले चार दाणे

(दृश्य १ : पहाट. धडगावहून घाट उतरणारी एसटी. खिडकीशी बसलेली महिला, मांडीवर कापडी पिशवी.)

सातपुड्याचा घाट उतरून तळोद्याकडे निघालेल्या या गाडीतल्या ताई धडगाव तालुक्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या समुपदेशक म्हणून काम करतात. रक्ततपासणीचा अहवाल आला की त्याचा अर्थ कुटुंबाला समजेल अशा भाषेत सांगणे, हे त्यांचे रोजचे काम आहे. आज त्या स्वतः शिकायला निघाल्या आहेत. धुळ्यात दोन दिवसांचा उजळणी वर्ग आहे आणि नंदुरबार, धुळे व जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतून त्यांच्यासारखे समुपदेशक तेथे जमणार आहेत. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव आम्ही या माहितीपटात घेणार नाही, कारण गावात समुपदेशकाची ओळख पटली की त्याच्याकडे येणाऱ्या कुटुंबांचीही ओळख पटते.

(दृश्य २ : सभागृह. खुर्च्यांची मांडणी, भिंतीवर पडदा, नोंदवहीत सह्या.)

आनुवंशिक आजारांविषयी कुटुंबाला सल्ला देण्याच्या या कामाला ‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हे इंग्रजी नाव १९४७ साली शेल्डन रीड या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने दिले. त्यासाठीचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सारा लॉरेन्स कॉलेजात सुरू झाला. भारतातही आता काही विद्यापीठांत असे शिक्षण मिळते. मात्र या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणीही त्या वाटेने आलेले नाही. कोणी समाजकार्याची पदवी घेतली आहे, कोणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, एकीने परिचारिकेचे शिक्षण घेतले आहे. नेमणूक झाल्यावर मिळालेले काही दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर पाड्यापाड्यांवर फिरून आलेला अनुभव, एवढ्या भांडवलावर त्यांनी आजवर काम निभावले आहे. अनुभव खूप शिकवतो हे खरे, परंतु एखादी चूक दहा वर्षे नेमाने केली तर अनुभव ती चूकही पक्की करतो, हे वर्गाच्या पहिल्याच तासात दिसून आले.

(दृश्य ३ : फळ्यावर खडूने काढलेली आकृती. गोल पेशी, विळ्याच्या आकाराची पेशी.)

सिकलसेलचे मूळ एका अक्षराएवढ्या बदलात आहे. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिन नावाचे जनुक असते. त्याच्यात घडलेल्या एका बदलामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि प्राणवायू कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लाल पेशीला विळ्यासारखा आकार देतात. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवून दिले, आणि तीनच वर्षांनी, १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये हे हिमोग्लोबिन आढळल्याची नोंद झाली. जेथे मलेरियाचा जोर पिढ्यान्‌पिढ्या होता तेथे वाहक मूल, म्हणजे बदललेले जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळालेले आणि स्वतः आजारी नसलेले मूल, मलेरियातून तगण्याची शक्यता अधिक राहिली, म्हणून हे जनुक टिकून राहिले. भिल्ल, पावरा, गावित, मावची अशा समाजांच्या वस्त्यांत समुपदेशकाने ही गोष्ट सांगितली पाहिजे, असा आग्रह प्रशिक्षक धरतात. आजाराला शाप किंवा कुळाचा दोष मानणाऱ्या घरात, याच जनुकाने तुमच्या पूर्वजांना तारले होते, हे वाक्य किती उपयोगी पडते ते समोरच्या चेहऱ्यांवर पाहावे.

(दृश्य ४ : टेबलावर दोन स्टीलच्या वाट्या. मक्याचे दाणे. कुंकवाने लाल झालेली बोटे. हे दृश्य लांब ठेवावे.)

आता वर्गातला सर्वांत महत्त्वाचा तास सुरू होतो. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते, हे येथे प्रत्येकाला पाठ आहे. अडचण पाठांतरानंतर सुरू होते. चोपडा तालुक्यातून आलेले एक समुपदेशक सांगतात की, चारपैकी एक, असे म्हटले की कुटुंब मुलांची मोजणी सुरू करते. एका आजीबाईंनी त्यांना अहिराणीत विचारले होते, “तिन्ही पोरे चांगला शेतस, मंग चौथालेच व्हई ना?”

या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊन भागत नाही, म्हणून टेबलावर दोन वाट्या आल्या आहेत. एक वाटी आईची, दुसरी वडिलांची, आणि प्रत्येक वाटीत दोन दाणे. सुरुवातीला प्रशिक्षकांनी मक्याचा पांढरा दाणा आणि तुरीचा लाल दाणा घेतला होता. तळोद्याच्या एका समुपदेशक ताईंनी लगेच हरकत घेतली की, डोळे मिटले तरी बोटांना तूर आणि मका वेगळे लागतात, त्यामुळे हा खेळ खरा होत नाही. आक्षेप रास्त होता. मग दोन्ही दाणे मक्याचेच घेऊन एकाला ओले कुंकू लावण्यात आले, आणि म्हणून आता सगळ्यांची बोटे लाल दिसत आहेत.

डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचलायचा. दोन्ही पांढरे आले तर मूल निर्दोष, एक लाल आणि एक पांढरा आला तर वाहक, दोन्ही लाल आले तर सिकलसेलग्रस्त. त्यानंतरची कृती निर्णायक आहे, कारण बहुतेक जण नेमकी तीच विसरतात : उचललेले दाणे पुन्हा आपापल्या वाटीत टाकायचे आणि मगच पुढच्या मुलासाठी हात घालायचा. वाटीला मागचे काहीही आठवत नाही. पहिली तीन मुले निरोगी असोत वा आजारी, चौथ्या वेळी वाटीत तेच दोन दाणे असतात.

गटागटाने चार-चार मुलांची कुटुंबे तयार होतात आणि फळ्यावर नोंदी होत जातात. एका गटाच्या चारही मुलांत आजार आला नाही, तर शेजारच्या गटात दोघांना आला. हिशेब असा आहे की, अशा दांपत्यांच्या चार अपत्यांच्या कुटुंबांपैकी सुमारे ३२ टक्के कुटुंबांत एकही मूल आजारी नसते. तीनचतुर्थांश चार वेळा मांडून त्यांचा एकमेकांशी गुणाकार केला की हा आकडा मिळतो. तो ऐकून सभागृहात थोडी कुजबुज झाली. ज्या घरात चारही मुले ठणठणीत आहेत त्या घराने “तुमचे मशीन खोटे” असे का म्हटले होते, याचा उलगडा अनेकांना या आकड्याने झाला. एरवी दोष कुटुंबाच्या अडाणीपणाला दिला जातो; येथे तो समजावण्याच्या पद्धतीकडे वळला, आणि आमच्या मते हेच या तासाचे फळ आहे.

(दृश्य ५ : प्रयोगशाळा. नळीत गढूळ झालेले द्रावण. यंत्रातून बाहेर येणारा आलेखाचा कागद.)

दुपारचे सत्र तपासण्यांविषयी होते. गावपातळीवर होणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट असते. द्रावण गढूळ झाले, नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजते. परंतु माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही; त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते, आणि नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णाच्या बाबतीतही ती फसवते.

यापुढचा मुद्दा ऐकताना अनेकांनी वह्या उघडल्या. पत्नी सिकलसेलची वाहक असेल आणि पतीची सोल्युबिलिटी चाचणी नकारात्मक आली, तर “काळजीचे कारण नाही” असे सांगून कुटुंबाला घरी पाठवण्याची पद्धत आहे. पण तोच पती बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असू शकतो. सोल्युबिलिटी चाचणीला थॅलेसेमिया दिसत नाही. एचपीएलसीच्या कागदावर हिमोग्लोबिन ए-टू या प्रकाराचे प्रमाण साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेलेले असले, तरच त्याचा सुगावा लागतो, आणि शरीरात लोह कमी असेल तर हे प्रमाणही खाली येऊन दिशाभूल करू शकते. अशा जोडप्याच्याही प्रत्येक अपत्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्केच असते, आणि तो काही वेळा सिकलसेलइतकाच तीव्र असतो. खान्देशात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेल आहे आणि थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण ज्या समाजात जास्त आढळते तो सिंधी समाज जळगावसारख्या शहरांत मोठ्या संख्येने राहतो. एकच आजार शिकून नेमणूक झालेल्या समुपदेशकाला दुसरा आजार कोणी शिकवायचा, हा प्रश्न या सत्रात तीन वेळा विचारला गेला.

(दृश्य ६ : दोन खुर्च्या समोरासमोर. एक समुपदेशक, एक ‘सासरा’ झालेला सहभागी. सभागृहात हशा.)

या प्रसंगनाट्यात सर्वांना हसू आले खरे, परंतु प्रसंग खरा आहे. मुलीचे सिकलसेल तपासणीचे कार्ड पाहिल्यावर सासरा सोयरीक मोडायला निघाला आहे. समुपदेशकाने निर्णय सांगायचा नसतो, माहिती द्यायची असते, हे या व्यवसायाचे जुने तत्त्व आहे. दुसऱ्या बाजूला शासनाच्या कार्यक्रमाला नवे रुग्ण जन्माला येऊ नयेत असे वाटते. या दोन अपेक्षांमध्ये समुपदेशक रोज उभा असतो. दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करू नये असे सांगणे सोपे आहे. पण वाहक मुलीचे निर्दोष मुलाशी लग्न झाले तर एकाही अपत्याला सिकलसेल होत नाही, हे तितक्याच ठासून सांगितले गेले नाही, तर कार्डाचे ओझे फक्त मुलीच्या डोक्यावर बसते. सासऱ्याची भूमिका करणाऱ्याने विचारले, “मुलाचे कार्ड कुठे आहे?” तो प्रश्न संहितेत नव्हता.

हे सगळे पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी या भाषांत सांगायचे असते. “वाहक” या शब्दाला पाड्यावर समजेल असा प्रतिशब्द शोधण्यात एक अख्खा तास गेला. त्यावर एकमत झाले नाही.

(दृश्य ७ : मोबाइलवर बातमी दाखवणारा तरुण, टेबलावर गोळ्यांची पाकिटे.)

शिक्षण सतत का लागते, याचे उत्तर रुग्णांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली, आणि आमच्या मुलाला ते कधी मिळेल, असा प्रश्न शहाद्याच्या रुग्णालयात विचारला जाऊ लागला. तो उपचार अतिशय खर्चिक आहे. आज हातात असलेले औषध हायड्रॉक्सियुरिया आहे आणि ते नियमित घेतल्याने वेदनांचे झटके कमी होतात, हे आशा न मोडता सांगणे कौशल्याचे काम आहे. कायदेही बदलत गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने गर्भातील गंभीर व्यंगाच्या प्रकरणी वैद्यकीय मंडळाची तरतूद केली. गर्भजल तपासणीसाठी साधारण सोळावा आठवडा उजाडावा लागतो, त्यामुळे समुपदेशकाने सांगण्यात केलेला उशीर कुटुंबाला परत मिळत नाही.

(दृश्य ८ : प्रमाणपत्रांचा गठ्ठा, सहभागींची रांग.)

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. अमेरिकेत जनुकीय समुपदेशकाचे प्रमाणपत्रही पाच वर्षांचे असते आणि ते टिकवण्यासाठी त्याला सतत शिकत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. या रांगेत उभ्या असलेल्यांना अशी कोणतीही अट नाही; अट नाही म्हणून सोयही नाही. यांच्यापैकी चौघे या दोन दिवसांसाठी स्वतःची किरकोळ रजा टाकून आले आहेत. प्रशिक्षणाचे दिवस कामाचे दिवस धरावेत, एवढी एकच मागणी त्यांनी आमच्याजवळ बोलून दाखवली, आणि ती आम्हाला अवाजवी वाटत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. जितक्या तपासण्या वाढतील तितके अहवाल समजावून सांगणारे लागतील.

(दृश्य ९ : धडगाव. बाजाराचा दिवस. रुग्णालयातील खोली, टेबलावर दोन वाट्या.)

धुळ्याहून परतल्यानंतरचा हा चौथा दिवस आहे. ताईंनी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या आहेत. कुंकू पुसले जाते म्हणून लाल रंग आता नखपॉलिशचा आहे. कुटुंबांशी त्या जे बोलतात त्याचे चित्रण आम्ही केलेले नाही. त्यांनी जुन्या नोंदवहीची पाने उलटताना मात्र आम्हाला शेजारी बसू दिले. पत्नी वाहक आणि पती सोल्युबिलिटी नकारात्मक, अशा अकरा नोंदी त्यांनी पेन्सिलीने खूण करून बाजूला काढल्या. त्यांतल्या दोन घरी गरोदरपण आहे. एक पाडा जवळचा असल्याने त्या घरच्या पतीला आशाताईंनी त्याच दिवशी बाजारातून बोलावून आणले, रक्ताचा नमुना एचपीएलसीसाठी जिल्ह्याला पाठवला, आणि शीतपेटी घेऊन गाडी घाटाकडे निघाली.

अहवाल आमचे चित्रीकरण संपल्यानंतर आला.