खोटी चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, की माझ्या दवाखान्यात एक शब्द फिरू लागतो: व्हायरल. गेल्या महिन्यात पेठेतल्या एक मावशी नातवाला घेऊन आल्या आणि मी नाडीला हात लावायच्या आत म्हणाल्या, "डॉक्टर, व्हायरलच हाय. एक जोरातलं अँटिबायोटिक लिहून द्या की."

मी म्हटलं, "मावशी, व्हायरल म्हणजे विषाणूमुळे आलेलं दुखणं. तसं असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही." त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी मटणाशिवाय तांबडा रस्सा होतो म्हणालो! बाहेर रांग होती, नीट समजावणं राहूनच गेलं. तेव्हाचं उरलेलं आज इथे बसून सांगतो.

ऊसवाल्यांना चटकन कळेल असं बघा. कारखान्याकडून तोडीची चिठ्ठी आली, की टोळी फडात शिरते, गाडी भरते, वजनकाटा होतो, गाळप होतं. चिठ्ठीला स्वतःला ना हात, ना कोयता, ना बैल. खिशात वर्षभर पडून राहिली तर ती नुसता कागद. पण योग्य माणसाच्या हातात पडली की सगळा कारखाना हलतो. विषाणू म्हणजे अशीच एक चिठ्ठी, प्रथिनांच्या पाकिटात घातलेली. मजकूर डीएनएच्या किंवा आरएनएच्या लिपीत. विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, एकटा असला तर वाढतही नाही. आणि आपल्या पेशीतली टोळी इतकी भाबडी, की चिठ्ठी कुणाची हे ती सहसा विचारत नाही. लिपी ओळखीची दिसली की कामाला लागते. या खोट्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं एवढंच: माझ्यासारख्या आणखी चिठ्ठ्या छापा, आणि पाकिटंही तुम्हीच करा.

जीवाणूचं तसं नाही. त्याचा स्वतःचा संसार असतो, स्वतःची भिंत, स्वतःची यंत्रं. अँटिबायोटिक त्या भिंतीवर किंवा त्या यंत्रांवर घाव घालतं. विषाणूकडे तसं मोडण्यासारखं काही नसतंच, राबणारी यंत्रं सगळी आपली.

आकार म्हणाल तर करोनाचे साधारण १०,००० विषाणू एका रांगेत मांडले की कुठे एक मिलिमीटर भरेल. मग हे सापडले कसे? तंबाखूमुळे! निपाणी-कागलकडच्या शेतकऱ्यांनी पानावर फिकट आणि गडद हिरव्या रंगाची नक्षी उठलेली पाहिली असेल. १८९२ साली रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी अशाच रोगट पानांचा रस काढला आणि जीवाणू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला. गाळलेला रस निरोगी झाडाला लावला, तरी झाड आजारी पडलं. १८९८ मध्ये नेदरलँड्सच्या मार्टिनस बायरिंक यांनी ताडलं, की हे जे काही आहे ते फक्त जिवंत पानात वाढतं. त्याच वर्षी जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश या दोघांनी जनावरांच्या लाळ्या खुरकुताचं कारणही असंच गाळणीतून निसटणारं असल्याचं दाखवलं. तंबाखू आणि लाळ्या खुरकूत! म्हणजे हे शास्त्र जन्माला यायला आमचा कागल तालुका अगदी योग्य होता, जन्मलं मात्र युरोपात.

आता, चिठ्ठी आत जायची तर आधी दार उघडायला हवं. पेशीच्या अंगावर प्रथिनांची नाना तऱ्हेची टोकं असतात. विषाणूचं टोक त्यांतल्या एखाद्यात किल्लीसारखं बसलं, तरच पुढचा खेळ. म्हणून प्रत्येक विषाणूचे यजमान ठरलेले, अवयवही ठरलेले. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गोठ्यात गाई अंगभर गाठी घेऊन उभ्या होत्या, आणि लोक मला विचारत होते, दूध प्यावं का? लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, असं मी सांगत होतो. त्या वर्षी आपल्याकडे गाईंना लस टोचली ती शेळ्यांच्या देवीची. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, त्यामुळे एकाचा चेहरा दाखवला तरी शरीर दुसऱ्याला ओळखतं.

प्रत्येकाची वाट मात्र वेगळी, आणि आपण नेमकं तिथेच चुकतो. काविळीचंच घ्या. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती 'हिपॅटायटिस ई'ची. माझ्याही ओळखीची दोन घरं त्यात आडवी झाली. एका घरात रुग्णाचं ताट-वाटी, पांघरूण, सगळं वेगळं काढलं होतं. पिण्याचं पाणी मात्र सगळ्यांचं एकाच नळाचं! हा विषाणू तोंडावाटे आतड्यात जातो, तिथून रक्तातून यकृतात, मग पित्ताबरोबर परत आतड्यात आणि विष्ठेतून बाहेर. सांडपाणी नदीत मिसळलं, किंवा गटारीशेजारची जलवाहिनी फुटली, की फेरा पूर्ण होतो. माणसाकडून माणसाला थेट लागण त्यामानाने कमी. शिवाय पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे दवाखान्यात गर्दी होते तेव्हा दोष असलेलं पाणी कधीच पिऊन झालेलं असतं, आणि लोक भांडत असतात कालच्या पाण्यावर.

करोनाच्या पाकिटावर चरबीचं वेष्टन असतं. साबणाने ते विरघळतं आणि विषाणूचा खेळ संपतो. पाण्यातून येणाऱ्या या काविळीच्या विषाणूला तसं वेष्टन नसतं. पोटातल्या आम्लातूनही तो सुखरूप पार होतो. म्हणून इथे हाताला चोळायच्या सॅनिटायझरवर विसंबू नका, पाणी खळखळून उकळा. साबणाने हात धुवाच, पण तो विषाणू मरतो म्हणून नव्हे, वाहून जातो म्हणून.

काविळीच्या माळेबद्दलही बोलतो, राग मानू नका. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि श्रेय माळेला जातं. पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरात २० ते २५ जणी दगावू शकतात. तिला माळ घालून घरी बसवू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

यकृत बिघडतं ते नुसत्या विषाणूमुळे नाही, हेही समजून घ्या. खोटी चिठ्ठी शिरलेल्या पेशी आपलंच सैन्य शोधून मारतं, आणि त्यात यकृताची पडझड होते. ताप आणि अंगदुखीही बऱ्याच अंशी आपल्याच लढाईची.

आता मावशींच्या नातवाकडे येतो. त्याचा डेंग्यू निघाला. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि फार लांब उडत नाही. तो बहुधा आपल्याच घरचा किंवा शेजारच्या गच्चीवरचा असतो. आजारी माणसाचं रक्त प्याल्यावर आठ ते बारा दिवस विषाणू त्याच्या अंगात मुरतो, मग तो डास मरेपर्यंत विषाणू वाटत सुटतो. स्वतः मात्र ठणठणीत!

मावशींना मी एवढंच बजावलं: ताप उतरला की पोराला शाळेत पाठवायची घाई करू नका, खरं लक्ष तेव्हाच ठेवायचं. डेंग्यूत ताप ओसरायच्या सुमारास काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजताही निघायचं. तापाला पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. आणि दर चार तासांनी 'पांढऱ्या पेशी किती?' विचारू नका. आपण सर्रास ज्यांना पांढऱ्या पेशी म्हणतो त्या प्लेटलेट्स असतात, पांढऱ्या पेशी वेगळ्या. एकट्या आकड्यापेक्षा पोर पाणी पितंय का, लघवीला जातंय का, हे मला आधी सांगा.

पोराचा ताप पाचव्या दिवशी उतरला. पुढचे दोन दिवस मावशी त्याला रोज दाखवून गेल्या, आणि तो सुटला. तिसऱ्या दिवशी मावशी एकट्याच आल्या. लोणच्याची रिकामी बरणी टेबलावर ठेवली. आत पाणी, आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या.

"न्हाणीमागच्या पिंपात घावल्या," म्हणाल्या. "आता ह्यास्नी कंचं अँटिबायोटिक देताय, डॉक्टर?"