केटलबेलची मूठ आणि तळहाताची कातडी

मंडळी, केटलबेल म्हणजे वर धरायची मूठ असलेला व्यायामाचा जड गोळा. तो घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला पहिल्यांदा वजन विचारतो, दुसऱ्यांदा भाव. मूठ हातात धरून, उलटसुलट फिरवून बघणारा क्वचित. माझं म्हणणं असं की मूठ आधी बघा. डंबेल घ्या, बारबेल घ्या, ते धरलं की हातात जागच्या जागी राहतं. केटलबेल राहत नाही. स्विंग (पायांमधून पुढे झोका), क्लीन (बेल उचलून खांद्याशी घेणं), स्नॅच (एका दमात थेट डोक्यावर नेणं) या प्रकारांत मूठ तळहातात दर वेळी फिरते, तीही पूर्ण वजनाच्या ओढीनं. दहा मिनिटांच्या व्यायामात असे शंभर फेरे सहज होतात. खांदा, कंबर, दम या सगळ्यांच्या आधी कातडी हार मानते आणि पुढचा आठवडा हातातून जातो. बेळगावात सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. सालटं निघालेल्या हातानं बीम, म्हणजे आडव्या दांड्यावरचे पुल-अप, मारता येत नाही, म्हणून त्यांनी तर हे नीट ऐकावं.

बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. पहिली ओतीव लोखंडाची. तिच्यात वजन वाढलं की गोळाही मोठा होतो आणि बहुतेक वेळा मूठही जाड होते. दुसरी स्पर्धेची, पोलादी. तिचा गोळा 8 किलोचा असो की 32 चा, व्यास 210 मिलिमीटर आणि उंची 280 मिलिमीटरच. त्यामुळे वजन बदललं तरी गोळा मनगटाच्या मागे त्याच जागी टेकतो. मूठ 33 किंवा 35 मिलिमीटरची, सहसा बिनरंगाची. रंगावरून वजन कळतं: 16 पिवळी, 24 हिरवी, 32 लाल. मात्र हिची मूठ अरुंद असते, दोन्ही हातांनी स्विंग मारताना करंगळ्या दाबल्या जातात. नुकती सुरुवात करणाऱ्याचं बरंचसं काम दोन्ही हातांचं असतं, म्हणून त्यानं ओतीव लोखंडाची घ्यावी. एकहाती स्नॅचच करायचा ठरवला असेल तर स्पर्धेची. तिसरी जात प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली. ती स्वस्त असते, पण आकारानं फुगीर, मनगटावर नीट बसत नाही आणि साच्यातल्या कडा तशाच ठेवलेल्या असतात. ती घेऊच नका.

ओतीव बेलमध्ये काय बघायचं हे बेळगावकरांना सांगायला सोपं जातं, कारण उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमुळे ओतकाम कसं चालतं हे इथे घरोघरी कुणाला ना कुणाला माहीत असतं. वाळूचा साचा दोन भागांचा असतो आणि ते जुळतात तिथे धातूची बारीक रेघ उठते. फेटलिंग, म्हणजे ओतल्यावर घासून केलेली सफाई, नीट झालं असेल तर ती दिसत नाही. घाईत झालं असेल तर मुठीच्या आतल्या अंगाला, म्हणजे गोळ्याकडे तोंड असलेल्या बाजूला, ती हमखास राहून जाते, कारण तिथे ग्राइंडरचं चाक सहज पोचत नाही. आणि बेल लटकत असताना बोटं नेमकी त्याच बाजूवर ताणलेली असतात. म्हणून दुकानात पातळ नायलॉनचा मोजा किंवा ओढणीचं टोक मुठीच्या आतून पूर्ण फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे उद्या कातडी अडकणार. मूठ जिथे गोळ्याला मिळते त्या दोन्ही कोपऱ्यांत बोट घालून बघा, वाळूचे खडबडीत डाग आणि ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेली भोकं, तिथे सापडतात. व्हिनाइल चढवलेल्या बेलमध्ये असे दोष कवचाखाली झाकलेले असतात. मूठ वेगळी वेल्ड केलेली दिसली तर ती बेल ठेवून द्या, सबंध एका ओतात झालेलीच घ्या. बूड सपाट आहे का ते फरशीवर ठेवून, दोन बाजूंनी दाबून तपासा. डुगडुगत असेल तर जमिनीवरून उचलतानाच हात तिरका पडतो. शेवटी काट्यावर चढवा. 16 लिहिलेली प्रत्यक्षात वेगळी भरणं अशक्य नाही, आणि जोडी घेत असाल तर दोन्ही सारख्या हव्यात.

बाकी सगळं चांगलं असून फक्त रेघ राहिली असेल तर ती घरी काढता येते. आधी अर्धगोल कानस, रेघेला आडवी न मारता मुठीच्या लांबीच्या दिशेनं. उंचवटा बसला की 80 नंबरचा पॉलिश पेपर बोटभर रुंद कापून मुठीभोवती गुंडाळा आणि बूट चमकवताना फडकं ओढतात तसा दोन्ही टोकांनी ओढा. मग 120 नंबर. तिथेच थांबा. मूठ आरशासारखी झाली तर तिच्यावर खडू ठरत नाही आणि घामानं ती निसटते. चकचकीत जाड रंगाचंही तेच. मूठ बिनरंगाची किंवा पातळ, किंचित खरखरीत पावडर कोटिंगची असावी.

जाडी व्हर्निअरनं मोजा. नसेल तर मुठीभोवती दोरा गुंडाळा आणि पट्टीवर धरा: 104 मिलिमीटर भरला तर मूठ 33 ची, 110 भरला तर 35 ची, 119 भरला तर 38 ची. मुठीभोवती हात आवळल्यावर अंगठ्याचं टोक तर्जनीच्या नखावर चढलं पाहिजे. छोट्या हाताच्या माणसाला 38 ची मूठ देऊन उपयोग नाही, तो ती पकडण्यातच थकतो आणि आवळत राहतो. मूठ आणि गोळा यांच्यामधल्या खिडकीतून तळहात मनगटापर्यंत आत गेला पाहिजे. नाही गेला तर बेल डोक्यावर धरताना मनगट मागे मोडतं.

वजनाचं थोडक्यात सांगतो. 16, 24, 32 हे आकडे रशियातल्या पूड या जुन्या मापातून आले, एक पूड म्हणजे 16.38 किलो. पण 16 वरून थेट 24 ही दीडपट उडी आहे, मधली 20 ची लागते. व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषानं 12 किंवा 16 घ्यावी, बाईनं 8, पुढे 12. तालमीत जोर-बैठका काढलेल्या गड्याला 20 ची हलकी वाटेल, तरी त्यानं पहिले दोन महिने 16 च वापरावी. त्याची पाठ तयार असते, पण बोटांच्या मुळाशी असलेली कातडी या कामाला नवी असते. मातीतल्या कुस्तीनं आणि मुद्गलानं हात राठ होतात, तरी मुद्गलाची पकड करकचून असते. तीच सवय घेऊन केटलबेलला हात घातला की फोड ठरलेला.

आता पकड. सगळं इथेच घडतं, म्हणून सावकाश सांगतो. तळहात उघडा. बोटं जिथे सुरू होतात तिथे मांसल उंचवटे आहेत आणि त्यांच्यावर आडव्या घड्या. मूठ तळहाताच्या मध्यभागी धरली की बेल खाली ओढते, मूठ बोटांकडे सरकते आणि त्या उंचवट्याची कातडी तिच्यापुढे गोळा होऊन घडीत चिमटते. फोड तिथेच येतो, घट्टा तिथेच पडतो आणि घट्टा उंच झाला की तोच मुळापासून उपटून निघतो. म्हणून स्विंगमध्ये मूठ तळहातात घ्यायचीच नाही. ती बोटांच्या मुळाच्या घडीखाली, बोटांच्या आकड्यात लटकवा. बेल वर तरंगत असते त्या क्षणी पकड सैल, घट्ट फक्त खाली येताना.

क्लीन आणि स्नॅचमध्ये मूठ आकड्यातून तळहातात जाते आणि परत येते. वर जाताना मुठीवर आपटायचं नाही. बोटं सैल करून हात खिडकीत खोल घाला, म्हणजे मूठ तर्जनी-अंगठ्याच्या बेचक्यातून करंगळीच्या बाजूच्या तळव्याच्या टाचेवर तिरकी बसते आणि मनगट सरळ राहतं. हात उशिरा घातला तर गोळा मनगटाच्या मागे धाडकन पडतो. तिथले निळे डाग चुकीच्या वेळेचे असतात, पट्टी बांधून ते झाकू नका, वेळ सुधारा. खरं नुकसान खाली येताना होतं. बेल खांद्याच्या उंचीला येईपर्यंत मूठ आकड्यात परत आलेली हवी. ती तळहातातच राहिली आणि सगळं वजन तळाशी एकदम ताणलं गेलं, तर कातडी फाटते. हे न जमता शंभर स्नॅचचा संकल्प करू नये. सुरुवातीला एका हाताचे पाच-पाच, एकूण चाळीसच्या आत, आणि आठवड्याला दहाच्या वर वाढवू नका. हात गरम, झोंबरा लागू लागला की तो दिवस तिथे संपला. फोड त्याच्या पुढच्या दहा फेऱ्यांत येतो.

खडू म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, फळ्यावरचा नव्हे. तो घाम टिपतो. चिमूटभर पुरतो. थर दिला तर मूठ फिरायच्या ऐवजी कातडीला धरून ओढते, म्हणून जुना खडू दर वेळी ओल्या फडक्यानं पुसून मूठ कोरडी करावी. जिमचे हातमोजे मी सुचवत नाही. त्यांनी मूठ जाड होते आणि मोज्याच्या कापडाची घडी कातडीच्या घडीवर बसून जास्त काचते. त्यापेक्षा जुन्या सुती मोज्याचा तीन बोटं रुंद गोल तुकडा कापा, चार बोटांतून चढवून बोटांच्या मुळाशी आणा, अंगठा बाहेर ठेवा. हात फाटून भरत असताना तो फार कामाला येतो. चिकटपट्टी वापरायची तर झिंक ऑक्साइडची, कापडी, आणि घडीवर एकच पदर.

तालमीतल्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. मालीश करून लगेच केटलबेल हातात घेऊ नये, तेलकट हातातून सुटलेली 16 किलोची बेल समोरच्याचा पाय मोडू शकते. आणि हौद्यातून उठून माती लागल्या हातानंही नको, तिची कणी मूठ आणि कातडी यांच्यात सापडून कातडी खरवडते. आधी हात धुवा, कोरडे करा. अंगठी काढा. बायकांनी काचेच्या बांगड्या उतरवाव्यात, क्लीनमध्ये गोळा नेमका तिथेच टेकतो.

घट्ट्यांचं ध्येय एकच: असावेत, पण सपाट. आठवड्यातून दोनदा आंघोळीनंतर, हात मऊ असताना, टाचा घासायच्या सच्छिद्र दगडानं उंचवटा आजूबाजूच्या कातडीच्या पातळीला आणा. घट्टा पूर्ण काढू नका, ब्लेड तर लावूच नका. रात्री झोपताना कोकम तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळा, कोरडा घट्टा तडकतो. वडगाव-शहापूरकडच्या मागावर बसणाऱ्यांना हे जास्त कसोशीनं करावं लागतं, कारण राठ बोटाला रेशमाचा तार अडकतो. निपाणी-चिकोडीकडे उसात कोयता चालवणाऱ्यांच्या हाताला आधीच घट्टे असतात, आणि तेच उंच राहिले तर केटलबेल त्यांनाच पहिल्यांदा उपटते.

सालटं निघालंच तर व्यायाम थांबवा. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, झोंबलं तरी धुवा. लोंबती कातडी ओढू नका. तिच्यानं जखम झाकत असेल तर तशीच बसवून पट्टी लावा, अगदी सुटी लोंबत असेल तर स्वच्छ कात्रीनं कडेशी कापा. हळद, खडू, माती काही भरू नका. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं हे आठवत नसेल, तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. मधुमेह असेल तर छोट्या फोडालाही डॉक्टर दाखवा. न फुटलेला फोड फोडू नका. जखम भरेपर्यंत बसायचं कारण नाही: दुसऱ्या हाताचं काम, बेल मुठीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांना धरून छातीशी घेऊन बैठका, धावणं. नवी कातडी गुलाबी असते आणि दाबून दुखते, तोवर स्नॅच नको.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, बिनरंगाची मूठ दोन दिवसांत गंजते आणि गंजाचे कण पॉलिश पेपरसारखेच कातडी घासतात. व्यायाम झाल्यावर घाम कोरड्या फडक्यानं पुसा, मशीन ऑइलचा एक थेंब चिंधीवर घेऊन मुठीवर फिरवा, आणि बेल ओल्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. पुढच्या वेळी हात लावण्याआधी ते तेल स्पिरिटनं पूर्ण पुसून काढा. गंज चढलाच असेल तर 120 नंबरचा पेपर फिरवला की निघतो.