पन्नास एकरांचा वायदा

[दृश्य : टेम्स नदी, धुकं, जुन्या गलबतांची रेखाचित्रं]

डिसेंबर १६०६. लंडनहून तीन गलबतं निघाली. सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी. खलाशी सोडले तर शंभरच्या वर पुरुष आणि पोरं, बाई एकही नाही. पुढच्या मे महिन्यात ही माणसं अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका नदीकाठी उतरली आणि राजाचं नाव देऊन त्यांनी वसाहत मांडली : जेम्सटाऊन. १६०९-१० चा हिवाळा सरला तेव्हा तिथल्या सुमारे पाचशे माणसांतली साठेक उरली होती. बाकीची उपासमारीनं, रोगानं आणि हल्ल्यांत गेली.

हे सगळं लंडनला कळत होतं. तरीही जहाजं भरतच राहिली. का?

धर्मासाठी, असं आपण ऐकत आलो. इंग्लंडहून अमेरिकेला गेलेलं १६२० चं मेफ्लॉवर जहाज, १०२ प्रवासी. पण त्यातले साधारण निम्मेच धर्मापायी देश सोडलेले होते. शिवाय इंग्लंडमधला जाच त्यांनी बारा वर्षं आधीच मागं टाकला होता. हॉलंडच्या लायडन शहरात ते आपल्या रीतीनं प्रार्थना करत होते आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं. पण कापडाच्या धंद्यात राबराबून पोट भरेना. कोवळी मुलं कामानं पिचली, काही डच वळणाला लागली. त्यांचे पुढारी विल्यम ब्रॅडफर्ड यांनी ही कारणं स्वतः लिहून ठेवली आहेत. प्रार्थनेची मोकळीक मिळाल्यावरही त्यांना पुन्हा समुद्र ओलांडावा लागला, तो संसारासाठी.

[दृश्य : इंग्लंडमधलं कुंपण घातलेलं कुरण, चरणाऱ्या मेंढ्या]

आता ज्यांची नावं कुठं फारशी येत नाहीत, त्यांच्याकडं वळू. सोळाव्या शतकात इंग्लंडची लोकसंख्या झपाट्यानं वाढली आणि १६०० पर्यंत चाळीस लाखांच्या आसपास गेली. धान्य महागलं, मजुरी मात्र मागं पडली. गावच्या गायरानात गरिबाची गाय चरायची, जळण मिळायचं. लोकरीला भाव आला तशी जमीनदारांनी ठिकठिकाणी ती रानं कुंपणात घेतली. ज्या घरात जमीन होती, तिथंही ती बहुतेकदा थोरल्याच्या नावावर जायची. धाकट्यांनी वाट धरायची. आणि काम शोधत गावोगाव फिरणाऱ्याला कायदा भटक्या ठरवायचा. त्याला चाबकाचे फटके मिळायचे.

अशा माणसाला कुणी सांगितलं, पलीकडं जमीनच जमीन आहे, तर तो काय करेल?

जहाजाचं भाडं साधारण सहा पौंड, म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई. ते जवळ नसेल तर करार करायचा : भाडं मालक भरेल, बदल्यात चार ते सात वर्षं त्याच्याकडं राबायचं. एकाच कागदावर मजकूर दोनदा लिहायचे, मधून नागमोडी कापायचे आणि अर्धा अर्धा दोघांकडं ठेवायचे. मालकाला हा करार दुसऱ्याला विकता यायचा, माणसासकट. सतराव्या शतकात व्हर्जिनिया आणि मेरीलँडकडं गेलेल्या इंग्रजांपैकी बहुसंख्य, जवळजवळ तीन चतुर्थांश, असे करारावर गेले.

आणि जमीन? १६१८ मध्ये व्हर्जिनिया कंपनीनं, म्हणजे ही वसाहत चालवणाऱ्या लंडनच्या व्यापारी कंपनीनं, नियम केला : आणलेल्या दर माणसामागं पन्नास एकर. मिळायचे ते भाडं भरणाऱ्याला. येणारा राबायचा आणि त्याच्या येण्याची जमीन मालकाच्या खात्यावर जमा व्हायची. तोवर तंबाखूचं पीक हाती लागलं होतं, त्यामुळं हात कितीही आले तरी कमीच पडत. या कंपनीचे खजिनदार सर थॉमस स्मिथ हेच ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर. सुरतेला व्यापारी धाडणारे आणि जेम्सटाऊनला मजूर धाडणारे शेठ एकच होते.

काहींना तर विचारलंही नाही. लंडनच्या रस्त्यांवरची सुमारे शंभर गरीब मुलं शहरानं पैसे देऊन व्हर्जिनियाला पाठवली. पुढच्या तुकडीतली काही मुलं जायला तयार होईनात, तेव्हा १६२० मध्ये राजाच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे सल्लागार मंडळानं, जबरदस्तीची मुभा दिली.

[दृश्य : जुन्या पत्राचा पिवळा कागद]

१६२३. करारावर आलेला रिचर्ड फ्रेथॉर्न हा तरुण आईवडिलांना पत्र लिहितो. जहाजातून उतरल्यापासून वाटाणे आणि पातळ पेज, एवढंच पोटात गेलंय. माझी सोडवणूक करा, नाहीतर निदान खायला तरी पाठवा, अशी तो विनवणी करतो. इथली माणसं रात्रंदिवस टाहो फोडतात, म्हणतो. इंग्लंडला परत जायला मिळालं तर हातपाय गमवायचीही त्यांची तयारी आहे, मग दारोदार भीक मागावी लागली तरी चालेल. चारशे वर्षांनंतरही हे पत्र वाचताना गलबलून येतं.

पण ही जमीन रिकामी नव्हती. तिथं मूळ रहिवाशांची, पोहॅटन लोकांची गावं होती, मक्याची शेतं होती. तंबाखूसाठी नदीकाठ एकामागून एक बळकावले गेले. २२ मार्च १६२२ ला पोहॅटन योद्ध्यांनी वसाहतींवर हल्ला करून ३४७ जणांना मारलं. कंपनीनं त्यांच्यावर दीर्घ युद्ध लादलं, गावं जाळली, उभी पिकं कापली.

करार संपेपर्यंत जे जगले, त्यांना सुटताना सहसा थोडा मका आणि कपडे मिळत. नदीकाठची चांगली जमीन तोवर बड्या मळेवाल्यांकडं गेली होती. सुटलेले सरहद्दीकडं सरकले, तिथल्या मूळ रहिवाशांच्या अंगावर. १६७६ मध्ये नॅथानियल बेकन या मळेवाल्यानं बंड केलं, तेव्हा असे कितीतरी जमीन न मिळालेले लोक त्याच्यामागं गेले. आधी त्यांनी मूळ रहिवाशांवर हत्यार धरलं, मग वसाहतीच्या गव्हर्नरवर. त्या सप्टेंबरात त्यांनी जेम्सटाऊन जाळलं. पुढच्या काही दशकांत मळेवाल्यांनी करारावरचे इंग्रज मजूर कमी केले आणि आफ्रिकेतून आणलेली माणसं विकत घेतली. त्यांच्या गुलामीला मुदत नव्हती.