खुर्चीतून उठताना

नमस्कार श्रोतेहो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे माणसं बहुधा काहीतरी दुखतं म्हणून येतात. गेल्या वर्षी एक बाई आल्या, त्यांचं दुखत काहीच नव्हतं. वजन कमी करायचं इंजेक्शन आठ महिने चालू होतं आणि 14 किलो वजन उतरलं होतं. त्याचा आनंद चेहऱ्यावर दिसत होता, आणि तो रास्तच होता. रक्तदाबाच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केला होता, रात्रीची झोप सुधारली होती. तक्रार एकच: "जिना चढताना मांड्या भरून येतात. इतकं वजन उतरल्यावर उलट हलकं वाटायला हवं ना?"

मी त्यांना छातीशी हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. त्या पुढे झुकल्या आणि परत मागे टेकल्या. पुन्हा झुकल्या, पुन्हा टेकल्या. तिसऱ्या वेळी उठल्या, पण घडी सुटली होती आणि उजवा हात गुडघ्यावर होता. तो तिथे कधी गेला, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

अशा इंजेक्शनांतली सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही आजची औषधं आपल्या आतड्यात जेवणानंतर तयार होणाऱ्या संप्रेरकांसारखं काम करतात. पोट हळू रिकामं होतं, मेंदूला 'पुरे' असा निरोप लवकर जातो. भूक खरोखरच मरते. ज्यांनी वर्षानुवर्षं भुकेशी झगडून हार खाल्ली आहे, त्यांच्यासाठी हा फार मोठा आधार आहे. हे औषध घेणाऱ्याला 'आयतं वजन उतरवलं' म्हणून कुणी हिणवलं, तर मला राग येतो.

पण खाणं कमी पडलं की शरीर फक्त चरबी मोडून भागवत नाही. थोडं स्नायूंमधूनही काढतं. कडक डाएट केलं किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली, तरी हेच घडतं, त्यामुळे दोष एकट्या औषधाचा नाही. 2021 साली सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के वजन उतरलं होतं. त्यांतल्या 140 जणांचं स्कॅन केलं होतं. गेलेल्या वजनातला जवळजवळ 40 टक्के भाग चरबीचा नव्हता. टिर्झेपाटाइडच्या चाचणीत हाच भाग साधारण पाव होता. आता हे सगळे स्नायूच होते असं नाही. त्यात पाणी येतं, इतर अवयवांचं वजनही येतं. शिवाय जड शरीर वाहून न्यायला जे जास्तीचे स्नायू लागत होते, ते थोडे कमी होणं साहजिकच आहे. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला हे कदाचित जाणवणारही नाही. साठीपुढच्या माणसाचं तसं नसतं. वयामुळे स्नायू आधीच झिजत असतात. त्यात ही भर पडली की जिना आणि न्हाणीघरातली ओली फरशी यांचीच भीती वाटू लागते.

आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. बरेच जण हे औषध मध्येच थांबवतात. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काही जणांवर औषध बंद केल्यानंतरही वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. असं परत येणारं वजन बहुतांशी चरबीचं असतं. म्हणजे काटा जुन्या आकड्याकडे सरकतो, पण तेवढे स्नायू काही आपोआप परतत नाहीत.

मग करायचं काय? 'मी रोज तासभर चालते' असं मला खूप जण सांगतात. चाला, जरूर चाला. हृदयाला ते हवंच आहे. पण स्नायूला टिकून राहायचं कारण मिळतं ते भार उचलण्यातून. खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून शरीर मागेपुढे ढकलणं, टाचा उचलणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत नेणं, ताणपट्टी म्हणजे व्यायामाची रबरी पट्टी ओढणं, एवढ्यावरही सुरुवात होते. आठवड्यातून किमान दोन दिवस. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडले पाहिजेत, नाहीतर त्या व्यायामाने स्नायूला काही कळतच नाही. आणि सोपं वाटू लागलं की भार वाढवायचा. इथेच बहुतेक जण थांबतात. सहा महिने त्याच बाटल्या उचलत राहतात.

'आता या वयात कुठे?' असं वाटत असेल, तर 1990 साली प्रसिद्ध झालेला एक छोटासा अभ्यास सांगते. नव्वदीच्या घरातल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या 10 अशक्त माणसांकडून 8 आठवडे पायांचे ताकदीचे व्यायाम करून घेतले. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली.

आहारात सांभाळायचं ते प्रथिनांना. वजन उतरत असताना दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं, असं साधारण सांगितलं जातं. वजन खूप जास्त असेल, तर हिशेब कोणत्या वजनावर करायचा ते आहारतज्ज्ञांना विचारा. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, पेलाभर दुधात 8. भूक मेलेली असताना हा आकडा गाठणं किती अवघड जातं, ते मी रोज पाहते. म्हणून ताटातलं प्रथिन आधी खा, बाकीचं मागून. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. उलट्या थांबत नसतील, दोन घासही जात नसतील, तर 'औषध लागू पडतंय' म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना कळवा.

आता घड्याळ समोर ठेवा. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या. तोल जात असेल, तर जवळ कुणीतरी हवंच. हाताची घडी घालून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला 12 आणि पुरुषाला 14 जमायला हवेत. त्याहून कमी जमले, तर पुढच्या भेटीत हा आकडा डॉक्टरांना सांगा.

त्या बाईंचं इंजेक्शन शुक्रवारी रात्री असतं. शनिवार-रविवार मळमळ असते, म्हणून आम्ही व्यायामाला सोमवार आणि गुरुवार ठरवले. त्यांच्या वजनाच्या वहीत आता दोन रकाने आहेत, एक किलोंचा आणि एक खुर्चीतून उठण्यांचा. मागच्या महिन्यात पहिला रकाना जागचा हलला नाही, म्हणून त्या जरा हिरमुसल्या होत्या. दुसऱ्यात 7 चे 11 झाले होते. अजून एक कमी आहे, असं त्याच मला म्हणाल्या.

नमस्कार.