पावलावरची गाठ आणि तिचा देठ

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी चप्पल काढून पाऊल पुढे केलं आणि विचारलं, "डॉक्टर, ही नसेची गाठ ना?" तिथूनच सुरुवात करतो, कारण ओपीडीत हा शब्द सारखा कानावर येतो. पावलाच्या वरच्या बाजूला सुपारीएवढी गाठ, दाबली तर रबरासारखी, वरची कातडी मोकळी सरकते. हिचं नाव गँग्लिऑन. नसेतून, म्हणजे मज्जातंतूतून, ती उगवत नाही. घोळ नावानेच घातलाय. ग्रीक भाषेत हा शब्द कातडीखालच्या गाठीसाठी होता, पुढे गेलन या वैद्याने तोच मज्जातंतूंच्या पुंजक्यांना लावला, आणि आजही आम्ही दोन्हींना त्याच नावाने हाक मारतो.

ही गाठ येते सांध्याच्या आवरणातून, नाहीतर कंडरेच्या म्यानातून. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. त्या आवरणाला कुठेतरी कमकुवत जागा तयार होते, तिथून फुगवटा बाहेर येतो आणि आत घट्ट द्राव साठतो. वरून दिसतो तो फुगा, पण खाली सांध्यापर्यंत गेलेला एक बारीक देठ असतो. आज एवढा देठ लक्षात ठेवलात तरी पुष्कळ झालं. जास्त चाललं की गाठ टरारते, आठवडाभर आराम मिळाला की बसल्यासारखी वाटते. अशी लहानमोठी होणारी गाठ बघून लोक घाबरतात, मला उलट थोडं हायसं वाटतं. कॅन्सरची गाठ सहसा आपणहून लहान होत नाही.

तपासताना मी खोलीतला दिवा बंद करतो आणि छोटा टॉर्च गाठीला आडवा टेकवतो. आत स्वच्छ द्राव असेल तर सगळी गाठ केशरी उजळते. गाठ भरीव असेल तर अंधारच राहतो. पण नुसत्या टॉर्चवर मी विसंबत नाही, सोनोग्राफी करून घेतो. आत द्राव आहे की मांस, हे त्यात कळतं, बऱ्याचदा देठही दिसतो. एक्स-रे काढतो तो खालच्या सांध्याची झीज किंवा वाढलेलं हाड पाहायला.

उपचारांची यादी मोठी नाही. दुखत नसेल, चपलेला लागत नसेल, तर काहीच करू नका. बऱ्याच गाठी आपोआप जिरतात, फक्त त्याला महिने लागतात, कधी वर्षं. हे सांगितलं की लोक नाराज होतात. फी दिली आणि डॉक्टर म्हणतो काही करू नका! पावलाच्या बाबतीत खरी तक्रार बहुतेक वेळा पट्ट्याची असते. चपलेचा पट्टा नेमका गाठीवर येतो. म्हणून मी पेशंटला रोजची चप्पल घेऊन यायला सांगतो. पट्टा दोन बोटं पुढे-मागे गेला, की कित्येकांचं काम तिथेच संपतं.

सुईने द्राव काढता येतो. बारीक सुईतून तो येतच नाही, जाड सुई लागते. सिरिंजमध्ये जे उतरतं ते कोरफडीच्या गरासारखं, स्वच्छ आणि चिकट. पेशंट पाऊल बघतो, सपाट झालेलं असतं, खूश होऊन घरी जातो. पण देठ जागेवरच राहिलाय. त्यामुळे निम्म्याहून जास्त गाठी पुन्हा भरतात, हे मी आधीच सांगून ठेवतो. जाड पुस्तक आपटून गाठ फोडायची जुनी पद्धत होती, तिचीही तीच गत, वर पावलाची बारीक हाडं मोडायची भीती. आणि बिब्बा कृपा करून लावू नका. त्याने गाठ जात नाही, कातडी भाजते, आणि त्या जखमेपायी साधं ऑपरेशनसुद्धा लांबतं.

ऑपरेशनात फुगा आणि देठ दोन्ही मुळापासून काढायचे असतात. तरीही काही जणांना गाठ परत येते. पावलाच्या वरच्या भागात संवेदनेच्या बारीक नसा कातडीलगत धावतात, तिथे थोडी बधिरता राहू शकते. सही करण्याआधी हे विचारून घ्या.

घोट्याच्या आतल्या बाजूची गाठ मात्र मी लांबणीवर टाकत नाही. तिथे हाडाच्या मागून एक अरुंद बोगदा जातो आणि तळपायाची मुख्य नस त्यातूनच येते. खोलवरची गाठ बाहेरून दिसतही नाही, पण नस दाबते. तळव्याला आग होते, मुंग्या येतात, रात्री जास्त. मधुमेह असला की सगळा दोष साखरेवर जातो. आग एकाच पायाची असेल, तर या बोगद्याकडे बघायला हवं.

आणखी एक. सायनोव्हियल सार्कोमा नावाचा दुर्मीळ कॅन्सर तरुण वयात पायाला होऊ शकतो, आणि सुरुवातीला तो अगदी साध्या गाठीसारखा वागतो, हळूहळू वाढतो. म्हणून कडक, खोल, सतत वाढणारी किंवा ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ एमआरआय केल्याशिवाय कुणाला कापू देऊ नका.

आता तुमच्यापैकी एकाने चिठ्ठीवर लिहून पाठवलेला प्रश्न: "घोट्याच्या बाहेरच्या हाडावर मऊ फुगवटा आहे, रोज दोन तास मांडी घालून पारायणाला बसतो." हे बहुधा गँग्लिऑन नाही. हाड फरशीवर घासतं, तेव्हा शरीर तिथे स्वतःच एक गादी तयार करतं, तिला बर्सा म्हणतात. जमिनीवर बसणाऱ्यांमध्ये ती दिसते. कापायची घाई नको. घोट्याखाली जाड घडी घ्या, अधूनमधून पाय बदला. लाल झाली, गरम लागली किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आणि पारायण खुर्चीवर बसून चालतं का, हे तुमच्या गुरुजींना विचारा, त्यात माझं मत नको.