आडव्या सायकलीवर पाणी ठेवायचं कुठं?

(ट्राइकवर बसूनच. मागे हिप्परगा तलाव.)

नमस्कार मंडळी! सकाळचे साडेसात वाजलेत. तुळजापूर रस्त्यावर हिप्परगा तलावापाशी आहे मी, आणि घरून गच्च भरून घेतलेली ही बाटली बघा, अर्धी झालीय. एप्रिल चाललाय. दहानंतर या डांबरावर काय होतं ते सोलापूरकरांना मी काय सांगायचं!

पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी सांगतो. ही रिकम्बंट ट्राइक. पाठ टेकून, पाय पुढं पसरून चालवायची तीनचाकी सायकल. पुढं दोन चाकं, मागं एक. सात रस्त्याच्या सिग्नलला कुणीतरी विचारतंच, "काय ओ, झोपून चालवता का?" होय ओ, जवळजवळ झोपूनच. आणि पाण्याची भानगड तिथंच सुरू होते.

साध्या सायकलीला दोन पायांमध्ये त्रिकोणी सांगाडा असतो, बाटलीचा पिंजरा त्यात बसतो. इथं त्रिकोणच नाही. पायांमधून पुढं पेडलपर्यंत गेलेला एक दांडा आहे फक्त. त्याच्यावर पिंजरा बसतो, पण चालत्या गाडीवर तिथपर्यंत हात पोचवून दाखवा! 1933 साली फ्रान्सिस फॉर नावाच्या गड्यानं आडव्या सायकलवर तासात 45 किलोमीटर मारले आणि विक्रम मोडला. 1934 मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं ही जातच शर्यतीबाहेर काढली. म्हणून दुकानात बघाल तर सगळं सामान उभ्या सायकलीचं. आपल्याला जुगाडच करावा लागतो.

माझा पहिला जुगाड सांगतो. 3 लिटर पाणी मागच्या बॅगेत टाकलं आणि निघालो अक्कलकोटला. चाळीसेक किलोमीटर. पाणी रग्गड होतं, पण प्यायचं म्हणजे थांबा, हँडब्रेक लावा, या खोल खुर्चीतून गुडघ्यांवर जोर देऊन उठा, मागं जा, बॅगेची चेन उघडा. कुंभारीला म्हटलं, जरा पुढं पिऊ. मग आणखी जरा पुढं. वळसंग आलं तेव्हा मांडीत गोळे, कानात घूं घूं, आणि बॅगेत अडीच लिटर पाणी जसंच्या तसं! पाणी नव्हतं म्हणून नाही, उठायचा कंटाळा म्हणून चक्कर आली मला.

आणि आडव्या सायकलवर घाम किती गेला ते लवकर कळत नाही. ऊन थेट छातीवर, पण समोरचा वारा अंग कोरडं ठेवतो. कडक उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो.

तर आता हे बघा. खुर्चीच्या मागं 2 लिटरची पाण्याची पिशवी, तिची नळी खांद्यावरून पुढं. ट्रेकवाले पाठीवर घेतात तीच. तुम्ही पाठीवर घेऊ नका, पाठ आधीच खुर्चीला चिकटलेली असते. पिशवी डोक्याच्या वर टांगायची नाही. तोंडापेक्षा उंच गेली की सलाइन लावल्यासारखं पाणी आपोआप उतरतं, तोटी जरा दबली की शर्ट ओला. खांद्याच्या खाली ठेवा, ओढून प्या. नळी शर्टाला चिमट्यानं अडकवा. लोंबली आणि मागच्या चाकात गेली तर तिथंच कार्यक्रम संपला.

नळीतलं पाणी उन्हात चहा होतं. मीटरभर नळीत एक घोटच मावतो, पण पहिला घोट तोच. म्हणून पिऊन झालं की नळीत हलकी फुंकर मारायची, पाणी परत पिशवीत जातं. पिशवीत फक्त साधं पाणी. सरबत घातलं की नळीत आठवड्यात बुरशी धरते आणि ती कशानंच निघत नाही.

सरबताला, ओआरएसला ही बाजूची बाटली. खुर्चीच्या कडेला पट्टीनं आवळली, हात खाली सोडला की हातात. उजव्या बाजूला लावलीय, कारण आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात. गाडी आधीच डावीकडं कलते, वजन तिकडं वाढवायचं कशाला? आणि बाटली चाचपडताना हात पुढच्या चाकाला लागणार नाही इतकी मागं लावा. माझं बोट एकदा सोलून निघालंय. टेकून पडल्यावर मोठ्या तोंडाच्या बाटलीनं घटाघटा पिऊ नका, ठसका लागतो.

आता माझी लाडकी गोष्ट.

(छागळ कॅमेऱ्यासमोर.)

ओळखली का? छागळ! जाड कॅनव्हासची. ट्रकच्या, जीपच्या पुढं लटकायची ती. पाणी कापडातून झिरपतं, वाऱ्यानं उडतं, उडताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणजे फिरता माठच. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते. सगळी आतल्या पाण्यातूनच गेली, तर 10 ग्रॅम उडाल्यावर लिटरभर पाणी जवळपास 6 अंशांनी उतरेल. थोडी बाहेरच्या हवेतूनही येते, म्हणून प्रत्यक्षात तेवढं होत नाही, पण घोट घेतल्यावर फरक कळतो. मुंबईच्या दमट हवेत हिचा फारसा उपयोग नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात सोनं आहे.

नवी छागळ गळते. रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, धागे फुगतात, गळती कमी होते. टांगायची मागच्या चाकाच्या एका अंगाला, वारा लागेल अशी, चेनपासून लांब.

छागळ नाही मिळाली तर स्टीलच्या बाटलीला ओला नॅपकिन गुंडाळा. नॅपकिनचा तुटवडा सोलापुरात? काहीतरीच! फक्त बाटली साध्या एकेरी पत्र्याची हवी. थर्मासला ओलं कापड गुंडाळून काही होत नाही, तो बाहेरचं आत आणि आतलं बाहेर जाऊच देत नाही.

एकूण 5 लिटर, म्हणजे 5 किलो. ते खाली आणि मध्यावर ठेवलं की वळणावर त्रास देत नाही. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. घामातून मीठही जातं, नुसतं पाणी ढोसून भागत नाही.

मागच्या आठवड्यात वळसंगला चहाला थांबलो. पोरं ट्राइकभोवती, फोटो चाललेले. एक म्हातारे गृहस्थ मात्र सरळ मागं गेले. छागळ दाबून बघितली, बूच उघडलं, न विचारता दोन घोट घेतले. "बावीस वर्षं ट्रक चालवला मी," म्हणाले. "बंपरला हीच होती." मग मिशा पुसल्या आणि माझ्याकडं वळले. "आता सांगा, ही खाट कितीला बसली?"